मेलेल्या पैशांचं वाण

आजीची आणि आमची ओळख अळूच्या पानांनी करून दिली. साउथहॅम्प्टनला शर्लीत आमचं घर होतं, बाबांच्या हॉस्पिटलपासून चालत जाण्याइतकं जवळ. घरामागे हातभर बाग, आणि तिच्या नि शेजारच्या बागेच्या मधे लाकडी फेन्स, जिची एक फळी निखळलेली होती. त्या फटीतून एका शनिवारी दुपारी तळणाचा असा काही वास आला की आई हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर पळाली. "अव माय! इथं अळूवड्या कोण तळून राहिलं?" आई मूळची नागपूरची. इंग्लंडात येऊन बरीच वर्षं झाली तरी आनंद झाला की तिच्या तोंडून नागपूरच बाहेर पडायचं. फेन्सपलीकडे एक ठेंगणी, सावळी म्हातारी उभी होती. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, त्यावर मुलाचा भला थोरला कार्डिगन, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग लाटण्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "बारा है, बेटी. खइबे?" अळूवड्या नव्हत्याच त्या. वाटलेल्या उडदाच्या डाळीत अळूची पानं चिरून घातलेले वडे होते, मधे भोक पाडलेले, तिच्या भाषेत 'बारा', आणि सोबत पिवळ्या फुगीर मिरचीची चटणी. सावजी रस्सा पाण्याचा घोटही न घेता ओरपणाऱ्या माझ्या बाबांनी ती चटणी बोटभर चाटली आणि थेट बागेतल्या नळाखाली तोंड धरलं. म्हातारी पोट धरधरून हसली. त्या दिवसापासून ती फळी कोणीही दुरुस्त केली नाही.

तिचं नाव सोनमती. पण आम्ही आजीच म्हणायचो, आणि तिच्या देशातही आजीला आजीच म्हणतात हे ऐकून मला उगाचच फार बरं वाटलं होतं. तिचा देश म्हणजे सुरिनाम. तो कुठे आहे हे आमच्या घरात एकालाही ठाऊक नव्हतं. बाबा "आफ्रिकेत असेल" म्हणाले आणि ॲटलास उघडून गप्प बसले. दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलच्या वर, नखाएवढा. तिचे पणजोबा बिहारमधून जहाजात बसून तिथे उसाच्या मळ्यात मजुरीला गेले आणि तिथलेच झाले. त्यामुळे तिची बोली आणि आईची नागपुरी हिंदी यांचं पहिल्या दिवशीच मेतकूट जमलं. मला निम्मं कळायचं, निम्मं मी अंदाजानं भरून काढायचे. इथे मी तिचं बोलणं बहुतेक मराठीतच लिहिते आहे, कारण आठवतं तेही मला मराठीतच आठवतं. तिचा मुलगा हरी डॉकवर कंटेनर उचलणारी क्रेन चालवायचा. आधी हॉलंडला होता, मग कामानिमित्त इथे आला आणि आईलाही घेऊन आला. त्याच्या शिफ्ट वेळीअवेळी. मग आजी फटीतून तिरकी होऊन आमच्या किचनमध्ये यायची ती दिवेलागणीलाच परत जायची. दुपार कलली की बंदरातून एखादी मोठी क्रूझ सुटायची आणि तिचा भोंगा शर्लीपर्यंत ऐकू यायचा. आजी हातातलं काम थांबवायची, भोंगा संपेपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, "गइल." मग पुन्हा शेंगा मोडायला लागायची.

त्या वर्षी मी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इथल्या अकरावीला गेले होते आणि इकॉनॉमिक्स घेतलं होतं, मुख्यतः माझी मैत्रीण घेत होती म्हणून. पहिल्याच टर्मला इन्फ्लेशनचा धडा आला. मी किचन टेबलवर बसून व्याख्या घोकत होते. आजीनं विचारलं, काय बडबडतेस? मी म्हटलं, आजी, पैशाची किंमत हळूहळू कमी होते ना, त्याला काय म्हणतात ते. "कमी?" आजी म्हणाली. "हमार पैसा तो मर गइल." आणि ती उठून घरी गेली आणि एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आली. झाकणावर पवनचक्कीचं चित्र होतं, अर्धंअधिक खरवडलेलं. आत नाणी. काही मोठी पांढुरकी, काही लहान, आणि काही चक्क चौकोनी, कोपरे गोल केलेली. मी चौकोनी नाणं पहिल्यांदाच पाहत होते. ते हातात घेऊन मी इतकी खूश झाले की व्याख्या राहिली बाजूला.

त्या दुपारी शेंगा मोडता मोडता तिनं सगळं सांगितलं. आधी कधी बोलली नव्हती. निकेरी नावाच्या भागात तिच्या बापाची भाताची शेती होती. शनिवारी राइस मिलमधून पैसे आले की नोटा आईच्या हातात आणि खुर्दा या डब्यात, असा बापाचा नेम. डबा दोघी मुलींचा, सोनमतीचा आणि धाकट्या फूलमतीचा. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, नातवंडं झाली, तरी म्हातारा शनिवारी डब्यात नाणी टाकतच राहिला. तो गेला तेव्हा शेत दोघींच्या नावावर आलं. हरीला शिकायला हॉलंडला जायचं होतं. थोरली म्हणून सोनमतीनं शेत विकायला काढलं. फूलो म्हणत होती, विकू नकोस, जमीन कुठे पळून जात नाही, पैसा पळून जातो. सोनमतीनं ऐकलं नाही. तेव्हा त्या देशात गिल्डर चालायचा, शंभर सेंटांचा एक. जुन्या मालकांची, म्हणजे हॉलंडची मदत आटली होती, बॉक्साइटला भाव नव्हता, देशातल्या देशात लढाया झाल्या होत्या, आणि सरकार नुसत्या नोटा छापत सुटलं होतं. हरी गेला, आणि फूलोचा निम्मा वाटा नोटांच्या पुडक्यांत तिच्या हातात पडला. त्यातून ती शहरात घर घेणार होती. घर बघेपर्यंत त्या पैशांत अर्धं घर येईना, कागदपत्रं होईपर्यंत एक खोली येईना. शेवटी त्या अर्ध्या शेताचा तिनं एक फ्रिज घेतला. सांगताना आजी हसत होती, पण शेंगांच्या दोऱ्यांबरोबर शेंगाही फेकून देत होती.

पुढे हरीनं आईला बोलावून घेतलं. फूलो विमानतळावर आली ती निरोप द्यायला नव्हे, भांडायला. बापाच्या डब्यातली निम्मी नाणी तिनं स्वतःकडे ठेवून घेतली होती, उरलेली निम्मी डब्यासकट बहिणीच्या हातात दिली. तोवर त्या सेंटांना कोणी विचारत नव्हतं. एका पावाला पिशवीभर नाणी मोजावी लागली असती, आणि दुकानदारानं ती मोजून घेतली नसती ते वेगळंच. फूलो म्हणाली, "बापाच्या या सेंटांत ज्या दिवशी दुकानात पाव मिळेल ना, त्या दिवशी तुझ्याशी बोलेन." कधीच नाही, असंच तिला म्हणायचं होतं. आपण नाही का म्हणत, सूर्य पश्चिमेला उगवला तर बघू, तसं. आणि खरंच ती त्यानंतर बोलली नाही. हरी दिवाळीला फोन करायचा तेव्हा त्याच्याशी भरभरून बोलायची, पण आई जवळ आहे का म्हणून एकदाही विचारलं नाही. आजी त्या वेळी फोनच्या शेजारी बसून राहायची, नुसता आवाज ऐकू यावा म्हणून. "आवाज तर मिळतो," असं ती म्हणाली, तेव्हा आईनं गॅस बंद केला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. आता हे लिहिताना कळतं, की आईची स्वतःची बहीणही तेव्हा हजारो मैलांवर होती.

त्या हिवाळ्यात संक्रांत आली. आईचं हळदीकुंकू म्हणजे आमच्या भागातला मोठाच कार्यक्रम. पोर्ट्समथ, विंचेस्टर, बेझिंगस्टोक, कुठून कुठून बायका यायच्या, सिल्कच्या साडीवर पफर जॅकेट आणि पायात बूट घालून. आमचा हॉल चपलांनी नाही, बुटांनी भरायचा. वाण काय द्यायचं याची आईला दिवाळीपासून काळजी. त्या वर्षी तिनं नागपूरहून स्टीलच्या नक्षीच्या वाट्या मागवल्या होत्या, प्रत्येकीवर "हळदीकुंकू, साउथहॅम्प्टन" असं कोरून. मामा येताना आणणार होता. मामा आला, वाट्यांची बॅग आली नाही. बॅग कुठल्यातरी तिसऱ्याच देशात उतरली होती. "काहून रे, हातात नाही धरता आली?" आई मामावर कडाडली. "अगं ताई, तीस किलोची बॅग हातात?" मामा बिचारा इतका ओशाळला की दोन दिवस न सांगता भांडी घासत होता. हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी, आणि वाणाला घरात काही नाही. मी म्हटलं, सुपरमार्केटमधून मेणबत्त्या आणू. आई म्हणाली, "संक्रांतीला मेणबत्त्या वाटू? चर्च आहे का हे?"

आजी टेबलाशी बसून तीळ निवडत होती. तिनं सगळा तमाशा शांतपणे ऐकला, उठली आणि डबा घेऊन आली. म्हणाली, हे दे. आई एकदम मागे सरकली. "नाही नाही आजी, हे तुमच्या वडिलांचं आहे." आजी म्हणाली, "मेलेला पैसा आहे. इतकी वर्षं पडून आहे, कोणाच्या उपयोगी पडला नाही. तुझ्या पूजेत तरी लागू दे. बापाला चार बायकांच्या घरी जाऊन येऊ दे." आईनं खूप आढेवेढे घेतले. पण आजीचा हट्ट म्हणजे हट्ट. शेवटी आम्ही तिघींनी ती नाणी चिंच आणि मीठ लावून घासली, जाळीच्या छोट्या पिशव्यांत तिळगुळाबरोबर भरली, आणि आजीनं प्रत्येक पिशवीला लाल लोकरीची गाठ मारली. डबा रिकामा झाला. आजीनं तो धुऊन पुसला आणि म्हणाली, आता यात तुझे शंकरपाळे ठेव.

वाण काय गाजलं म्हणून सांगू! बायका स्टीलच्या वाट्यांना कंटाळलेल्याच होत्या. "साउथ अमेरिकेची नाणी? कित्ती युनिक!" "हे चौकोनी मला, प्लीज, माझ्याकडे दोन गोल आलीत." आजी किचनमध्ये बारा तळत होती, आणि आई दर पाच मिनिटांनी तिला बाहेर ओढून आणून सांगत होती, "या आमच्या आजी, यांच्या वडिलांची आहेत." आजी लाजून ओढणीत हसायची. ती त्या दिवशी फार आनंदात होती. बुटांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत घरी जाताना म्हणाली, आज बापाचं लगीन लागल्यासारखं वाटलं.

पुढच्या शनिवारी, दुपारच्या जेवणाच्या सुमारास, ती फटीतून आली तेव्हा पायात फक्त मोजे होते. ओल्या गवतातून तशीच आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "फूलो बोलल." आणि दाराच्या चौकटीला धरून रडायला लागली. आई धावली, मी खुर्ची सरकवली. हळूहळू कळलं ते असं. त्यांच्या सरकारनं गिल्डर बंद करून डॉलर आणला होता. स्वतःचा, सुरिनामचा डॉलर. हजार गिल्डरचा एक. इथवर ठीक. पण नवी नाणी पाडायचा खर्च नको म्हणून त्यांनी जाहीर केलं, की जुनी सेंटची नाणी आहेत तीच चालवायची, त्यांच्यावर जे लिहिलंय ते नव्या पैशात धरायचं. म्हणजे जुना सेंट एका रात्रीत हजारपट झाला. लोक गाद्यांखालून, फुलदाण्यांतून, पोरांच्या खेळण्यांतून नाणी शोधायला लागले. आणि त्या सकाळी फूलो बापाच्या वाट्यातलं एक मोठं नाणं घेऊन कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात गेली. दुकानदारानं नाणं घेतलं, पाव दिला. ती पाव काखेत मारून घरी आली आणि तिनं साउथहॅम्प्टनला फोन लावला. "दीदी," म्हणाली, "पाव मिळल."

मी तर टाळ्याच वाजवल्या. इकॉनॉमिक्सच्या धड्यात असलं काही नव्हतं. आई डोळे पुसत हसत होती. मग आजी म्हणाली, फूलो बोलावते आहे. म्हणते, तुझा वाटा घेऊन ये. दोन्ही वाटे एकत्र करू, बापाच्या नावानं पाव आणून सगळ्या गल्लीला खाऊ घालू. हे म्हणताना तिची नजर आमच्या शेल्फकडे गेली. तिथे पवनचक्कीचा डबा होता, शंकरपाळ्यांनी भरलेला.   "अव माय," आई एवढंच म्हणाली, अगदी हळू.

आजीनं आम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही. दिलं ते दिलं, म्हणाली. पण ती तिथून उठेना. मग बोलली. "बापाचं शेत मी विकलं. आता बापाचे सेंटही मी वाटून टाकले, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? ती परत गप्प होईल."  त्या नाण्यांची किंमत हजारपट झाली काय नि लाखपट झाली काय, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. दहा वर्षांनी तिच्याशी बोललेला तो आवाज परत बंद होणार, याचीच धास्ती तिनं घेतली होती.

मी म्हटलं, सोप्पं आहे, सगळ्यांना फोन करू आणि परत मागू. मी फोन उचललाही. आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "वाण परत मागत नसतात." मी म्हटलं, आई, इथे आजीचा प्रश्न आहे आणि तू कसले नियम काढतेस! "नियम नाहीत गं. तुला दिलेलं वाण मी परत मागितलं तर तुला कसं वाटेल? त्या बायकांनी ते देवाजवळ ठेवलंय. आजीनंच हातानं गाठ मारून दिलंय. परत मागितलं तर देणं खोटं ठरेल तिचं." बाबा जेवायला आले होते, ते म्हणाले, "इंटरनेटवर अशी जुनी नाणी विकत मिळतात म्हणे." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मुकाट्यानं वरण वाढून घेतलं. मी दार आपटून वरती गेले. त्या वयात दार आपटण्यात माझा हातखंडा होता. आज मला वाटतं, आई त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती, आणि तरीही तिनं घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खिचडीसाठी तांदूळ निवडत बसली होती. मी अजून फुरंगटलेलीच. अचानक तिनं ताटातले तांदूळ ओंजळीत घेतले आणि तशीच बघत राहिली. "अगं," म्हणाली, "माहेरी निघालेल्या बाईची ओटी भरतात ना?" मी म्हटलं, मग? "मग ओटीत तांदूळ असतात, नारळ असतो, सुपारी असते, आणि काय असतं?" मी दोन सेकंद तिच्याकडे बघत राहिले आणि मग किंचाळले. वाण मागायचं नाही. ओटी भरायला बोलवायचं. ज्यांना द्यायचं त्या देतील, आणि ते परत केलेलं नसेल, नव्यानं दिलेलं असेल. आईच्या गळ्यात मी अशी पडले की तांदूळ सगळे लिनोलियमवर.

मग सुरू झाले फोन. आई जिन्याच्या पायरीवर बसून बोलत होती आणि मी खालच्या पायरीवर बसून ऐकत होते. तिनं एकदाही नाणी मागितली नाहीत. आजीची बहीण कशी बोलायला लागली ते सांगायची, सेंटांची गोष्ट सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "शनिवारी ओटी भरायची आहे त्यांची. तुम्ही नक्की या. ओटीत नाणं लागतंच... कोणतं ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा." पोर्ट्समथच्या शिंदेकाकू पलीकडून इतक्या जोरात बोलल्या की मलाही ऐकू आलं, "अगं कळलं गं मला, उगाच गोल गोल काय बोलतेस!" विंचेस्टरच्या ठाकूरमावशी मात्र ओशाळल्या. त्यांच्या वाट्याचं एक नाणं बरोब्बर पाउंडाच्या मापाचं निघालं होतं आणि त्या ते पाउंडाऐवजी घालून सुपरमार्केटची ट्रॉली सोडवत होत्या. "गाडीतच आहे हो, चांगलं धुऊन आणते." अडचण आली ती केळकरकाकूंची. त्या आमच्यातल्या सर्वांत मोठ्या, सगळ्या त्यांना विचारून करायच्या. त्या म्हणाल्या, "अगं पण त्यांचे मिस्टर नाहीत ना? मग ओटी कशी भरायची?"   मग आई अगदी नम्रपणे म्हणाली, "काकू, माहेर काय नवऱ्यानं दिलेलं असतं का हो?"  पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

शनिवारी सर्वांत आधी बेल वाजवली ती केळकरकाकूंनी. हातात नारळ, आणि रुमालाच्या गाठीत त्यांच्या वाट्याची नाणी. "देव्हाऱ्यात ठेवली होती," एवढंच म्हणाल्या आणि बूट काढायला लागल्या. आईनं आजीला स्वतःची करवतकाठी साडी नेसवली होती. आजी जन्मात पहिल्यांदा अशी साडी नेसत होती. पाटावर बसायला गुडघे देईनात, म्हणून किचनमधली खुर्ची मांडली. तिला आम्ही नुसतं, प्रवासाला निघताना आमच्यात तांदूळ घालतात, एवढंच सांगितलं होतं. पहिली ओंजळ केळकरकाकूंची. तांदूळ पदरात पडले आणि तांदळांत काहीतरी चमकलं. आजीनं वाकून पाहिलं. मग वर पाहिलं, आईकडे. आई म्हणाली, "धरा, पदर नीट धरा, अजून खूप जणी आहेत." आणि मग एकामागून एक येत गेल्या. आधी नाण्यांचा आवाज येत नव्हता, ती तांदळात बुडत होती. मग नाण्यावर नाणं पडायला लागलं आणि खणखण ऐकू यायला लागली. आजी रडतही होती आणि प्रत्येकीच्या गालावरून हातही फिरवत होती. इथेच जन्मलेली मीरा आली आणि म्हणाली, "आजी, मी तुमचा ओटी भरते, ओके? माझा नाणं जरासा स्क्रॅच झाला आहे." त्यावर सगळ्या हसल्या, आजीला काही कळलं नाही तरी तीही हसली. एक पिशवी तेवढी आली नाही. ती अकोल्याला कोणाच्या तरी सासूबाईंच्या देवघरात पोचली होती. "असू दे," आजी म्हणाली, "आमचे पणजोबा तिथूनच तर निघाले होते." अकोला आणि बिहार यांत किती अंतर आहे हे तिला कोणी सांगितलं नाही.

निघायच्या आधी आईनं तिला सांगितलं, ओटीतलं थोडं इथे ठेवून जायचं असतं, म्हणजे परत येणं होतं. आजीनं मूठभर तांदूळ आमच्या तांदळाच्या डब्यात टाकले आणि एक चौकोनी नाणं माझ्या हातात दिलं. पवनचक्कीच्या डब्यातले शंकरपाळे आम्ही प्लॅस्टिकच्या डब्यात ओतले होते. त्या पवनचक्कीच्या डब्यात तांदळासकट बापाचे सेंट भरून, तो हातातल्या बॅगेत घालून ती गेली. हरीनं गाडी सुरू केली तेव्हा बंदरातून भोंगा वाजला. या खेपेला "गइल" म्हणायला आमच्या किचनमध्ये कोणी नव्हतं. आई म्हणाली, "गेल्या हो आजी," आणि पदरात तोंड लपवून रडली. मीही रडले, उघड उघड.

चार-पाच दिवसांनी फोन आला. मागे एवढा गलका होता की आजीला ओरडून बोलावं लागत होतं. पाव आणले, गल्लीनं खाल्ले, ओटीचे तांदूळ शिजवले. मग फोन कोणीतरी हिसकावून घेतला आणि एक खणखणीत नवा आवाज म्हणाला, "दीदी म्हणते एक चौकोनी तुमच्याकडे राहिलं. बापाचं आहे ते. पोरीला सांग, स्वतः घेऊन ये." आजी परत आली नाही. महिनाभरासाठी गेलेली बाई निकेरीतच राहिली. दर रविवारी फोन करायची, आणि मागून फूलो तिच्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडत असायची. दोघी इतक्या भांडायच्या की आई म्हणायची, बोलत नव्हत्या तेच बरं होतं. आजी गेली तीही तिथेच, बहिणीच्या शेजारच्या खाटेवर, भरल्या घरात.

मी आता कार्डिफला कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवते. चाळिशी दाराशी आली आहे. मला निकेरीला जायला फार वर्षं लागली, शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं, सगळ्यांना लागतात तशीच. मधल्या काळात सुरिनामच्या डॉलरनंही गिल्डरचाच रस्ता धरला. त्याची किंमत घसरत घसरत अशी झाली की सेंट पुन्हा कोणी हातात घेईना. हे सगळं मी वर्गात फळ्यावर आलेख काढून शिकवत होते, आणि ते चौकोनी नाणं माझ्या पर्सच्या चोरकप्प्यात होतं. फूलोमौसीचं घर खांबांवर उभारलेलं, लाकडी जिना चढून वर जायचं. ती वर ओट्यावर बसली होती, आजीसारखीच ठेंगणी, डोक्याला ओढणी, शेजारी काठी. मी पाया पडले आणि नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्यानं पुसलं आणि बोळक्या तोंडानं खो खो हसली. "फिर मर गइल, बेटी. याला आता काही मिळत नाही." नाणं तिनं कमरेला खोचलं. मग काठी टेकत आत गेली, बराच वेळ खुडबुड केली आणि पाव घेऊन आली. जाड जाड काप केले, लोणी लावलं, वर ती पिवळ्या मिरचीची चटणी. बशी माझ्यापुढे सरकवली, समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "अब बोल."